आधी आळी, मग पाणी

पत्र (थोडं आटोपतं करून)

ताई, गुहागर तालुक्यातल्या एका लहान गावच्या वाचनालयाची मी ग्रंथपाल. वय ५३. वाचनालयाला यंदा ५० वर्षं होतायत, डिसेंबरात कार्यक्रम आहे आणि त्या दिवशी ९६ पानांची स्मरणिका काढायचं कमिटीने ठरवलंय. मला कॉम्प्युटर येतो म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. चार महिने खपून सगळं वर्डमध्ये बसवलं. पण एका पानावर फोटो टाकला की पुढच्या दहा पानांवरचे फोटो जागा सोडतात. चिपळूणच्या एका प्रेसमध्ये पेनड्राइव्ह नेला, तर त्यांच्या मशीनवर ९६ ची १०३ पानं झाली आणि शीर्षकांच्या जागी नुसते चौकोन आले. प्रेसवाले म्हणाले, "हे वर्डचं काम नाही, पेजमेकरमध्ये करून आणा." भाचा पुण्याहून आला, स्क्रायबस नावाचं पानं लावायचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने परत गेला. मी उघडलं, पांढरं पान आलं, टाइप करायला लागले तर एक अक्षर उमटेना. अर्धा तास बसून बंद केलं. या वयात हे शिकावं का? की कुणा डीटीपीवाल्याला देऊन मोकळं व्हावं? कमिटीकडे पैसे बेताचेच आहेत. आणि शिकायचंच तर सुरुवात कुठून करू?

ताई,

ते अक्षर का उमटलं नाही ते आधी बघू, कारण बाकीचं सगळं त्यातच आहे. तुमचं काही चुकलेलं नव्हतं. वर्ड उघडलं की कर्सर लुकलुकत असतो, लिहायला लागा म्हणून. स्क्रायबस उघडलं की समोर असतो नुसता कोरा कागद. त्यावर अक्षर ठेवायला जागाच आखलेली नाही, ते बसणार कुठे? आता पुन्हा उघडा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर इंग्रजीवर आणा, नाहीतर शॉर्टकट कधी कधी दाद देत नाहीत. मग टी दाबा, माउस धरून पानावर एक चौकट ओढा, तिच्यात दोनदा क्लिक करा, कीबोर्ड मराठीवर न्या आणि लिहा. उमटेल. त्या चौकटीला फ्रेम म्हणतात. मजकूर, फोटो, जाहिरात, यांतलं जे काही पानावर येईल ते कुठल्या तरी फ्रेममध्येच येईल.

पोफळीच्या वाडीत शिंपण कसं चालतं हे गुहागरच्या माणसाला मी सांगायला नको. विहिरीचं पाणी पाटात, पाटातून पहिल्या आळ्यात, ते भरलं की पुढच्या. आळी आधी खणलेली असतात, पंप नंतर सुरू होतो. वर्ड म्हणजे मृगातला पऱ्या, पावसाळी ओढा. येईल तसा वाहतो, मधे धोंडा आला की वळून भलतीकडून जातो. अर्ज, पत्र, सभेचं इतिवृत्त यांना पऱ्याच बरा, तिथे आळी खणत कोण बसणार? पण तुम्ही फोटो टाकलात तो धोंडा झाला, आणि दहा पानांवरचे फोटो हलले ते पाण्याने वाट बदलली म्हणून. चिपळूणला १०३ पानं झाली त्याचंही कारण हेच. वर्डची फाइल उघडते त्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसेल तर वर्ड दुसरा घेतं, त्याची अक्षरं थोडी रुंद निघतात, ओळी खाली सरकतात आणि शेवटी सात पानं जास्त होतात. फाइल तीच राहते, पान मात्र तेच राहील याची हमी वर्ड देत नाही.

आता आळ्यातून आळ्यात पाणी न्यायचं ते असं. एका फ्रेममध्ये मजकूर मावला नाही की तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक खूण येते. स्क्रायबसमध्ये फुलीचा चौकोन, इनडिझाइन या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लाल अधिक. ती दिसली की समजायचं, आळं भरून पाणी बाहेर चाललंय. फ्रेम निवडा, एन दाबा, पुढच्या पानावरच्या रिकाम्या फ्रेमवर क्लिक करा. उरलेला मजकूर तिकडे जातो. मागे चार ओळी कापल्या तर पुढून चार ओळी मागे येतात, आणि शेजारच्या फोटोला धक्काही लागत नाही. लांबलचक लेखासाठी प्रत्येक पानावर हाताने फ्रेम काढत बसू नका. नवीन डॉक्युमेंट करतानाच ऑटोमॅटिक टेक्स्ट फ्रेम्स नावाचा पर्याय असतो. तो निवडला की समासाच्या आत फ्रेम आखलेल्या आणि एकमेकींना जोडलेल्या मिळतात.

त्या खुणेवर मी एवढा वेळ घालवतेय कारण तिने एकदा माझी लाज काढलीय. टायपिंगची परीक्षा देऊन डीटीपीला बसलेल्या मुलींपैकी मी. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील, एका देवस्थानच्या जत्रेची स्मरणिका माझ्याकडे होती. शेवटच्या पानावर देणगीदारांची यादी. आदल्या रात्री कमिटीतल्या एकाने वरती दोन नावं वाढवायला सांगितली, मी वाढवली, पान वरवर बघितलं आणि सोडून दिलं. ५०० प्रती छापून आल्या. जत्रेच्या दिवशी कळलं की खालची सात नावं छापलीच गेलेली नाहीत. ती फाइलमध्ये होती, फ्रेमच्या खाली दडून बसली होती. त्या सातांत एक जण असा होता की सभामंडपाच्या लाद्या त्याने दिल्या होत्या! दुसऱ्या दिवशी मी आणि माझी वहिनी ओट्यावर बसून पाचशे प्रतींत चिठ्ठ्या चिकटवत होतो. वर्डच्या साध्या मजकुरात ही चूक होत नाही, कारण तिथे जादा मजकूर नवीन पान करून घेतो. इथे तो गुपचूप नाहीसा होतो. म्हणून छापायला द्यायच्या आधी प्रत्येक फ्रेमचा खालचा कोपरा बघायचा. स्क्रायबसमध्ये प्रीफ्लाइट व्हेरिफायर आहे, तो असल्या फ्रेम शोधून देतो. पण माझा अजूनही डोळ्यांवरच जास्त भरवसा.

शिकावं का? शिका. ५३ हे वय आड येत नाही. आड येते ती वर्डची सवय, आणि ती पंचवीस वर्षांच्या मुलालाही असते. तुम्ही चार महिने वर्डशी झटापट केलीत, त्याच्या निम्म्या वेळात हे हाताखाली येईल. एक अट आहे. मुखपृष्ठ तुम्ही करू नका. थोडे पैसे बाजूला काढा आणि ते कुणा जाणकाराकडून करून घ्या. आतली पानं नीट असली तरी मुखपृष्ठ घरगुती दिसलं की लोक सगळी स्मरणिका घरगुती समजतात.

प्रेसवाल्यांच्या "पेजमेकरमध्ये करून आणा" कडे मात्र दुर्लक्ष करा. त्यांची अडचण मला कळते. पेजमेकर १९८५ साली आलं, आपल्याकडच्या छापखान्यांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली, मीही त्यावरच वाढले. पण त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ ची आहे, आणि युनिकोड मराठी, म्हणजे आज फोनवर आणि नेटवर चालतं ते, त्याला कळत नाही. त्यात मराठी करायचं तर श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट लागतात. त्यांत कीबोर्डवरच्या इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तुमचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये आहे. तो त्या फॉन्टमध्ये उलटवायचा म्हणजे कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टर म्हणजे ९६ पानांचं प्रूफ पहिल्यापासून. प्रेसला खरं तर पेजमेकरची फाइल नको असते, न हलणारं पान हवं असतं. ते पीडीएफने मिळतं. फोन करून एवढंच विचारा, "फॉन्ट आत घातलेली पीडीएफ दिली तर चालेल ना?" चालत नाही म्हणणारा प्रेसवाला आता सापडणं कठीण.

राहता राहिला प्रश्न कुठलं सॉफ्टवेअर. इनडिझाइन उत्तम आहे, मी त्यावरच काम करते, पण त्याचं भाडं भरावं लागतं आणि एका स्मरणिकेसाठी ते वाचनालयाने भरू नये. कधी कुणाच्या मशीनवर त्यात बसलातच तर पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला आहे ना बघा, नाहीतर जोडाक्षरांचा चुरा होतो. मायक्रोसॉफ्टचं पब्लिशर कुणी सुचवलं तर नको म्हणा, ऑक्टोबर २०२६ नंतर मायक्रोसॉफ्टच त्याला वाऱ्यावर सोडणार आहे. भाच्याने स्क्रायबस घातलं ते बरोबर केलं, फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरेसं आहे. फक्त कुठली आवृत्ती घातलीय ते हेल्पमध्ये जाऊन बघा. १.४ असेल तर काढून टाका. त्या काळातल्या स्क्रायबसला देवनागरी जुळवता येत नव्हती, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. १.६ पासूनची घ्या.

घेतल्यावर पहिली परीक्षा घ्यायची ती दोन शब्दांची: दर्या आणि दऱ्या. एक आपल्या समोरचा, दुसऱ्या घाटातल्या. पहिल्यात य वर रफार हवा, दुसऱ्यात य च्या डाव्या अंगाला तो आडवा कोयतीसारखा अर्धा र. त्याखाली पऱ्या, किनाऱ्यावर, विठ्ठल, निर्मिती असे शब्द लिहा, प्रिंट काढा आणि चष्मा लावून बघा. एखाद्या फॉन्टमध्ये दऱ्याचा दर्या झाला किंवा र चा पाय मोडून सुटा हलन्त दिसला, तर तो फॉन्ट कितीही देखणा असो, सोडून द्या. किनाऱ्यावरच्या गावची स्मरणिका आहे, हा अर्धा र तुमच्या पानापानांवर येणार. ल आणि श चं मराठी वळणही बघून घ्या, काही फॉन्ट हिंदी वळणाचा ल देतात आणि वाचताना काहीतरी खटकत राहतं. माझी निवड सांगायची तर लेखांसाठी टीरो देवनागरी मराठी, शीर्षकांसाठी मुक्ता. दोन्ही फुकट मिळतात. टीरोमध्ये ठळक वळण नाही, म्हणून ठळक करायचं असेल तिथे मुक्ता वापरा, पण कॉम्प्युटरला लावून खोटं ठळक करू नका, अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. स्मरणिकेत दोनच फॉन्ट. तिसऱ्याचा मोह होईल, विशेषतः कवितांच्या पानावर. आवरा.

अक्षराचा आकार ११ पॉइंट धरलात तर दोन ओळींतलं अंतर १६ पॉइंट ठेवा. इंग्रजीच्या हिशेबाने सॉफ्टवेअर स्वतःहून जे अंतर देतं ते आपल्याला पुरत नाही. वरच्या ओळीतला "पूर्वी" मधला ऊकार खालच्या ओळीतल्या "कर्तृत्व" च्या रफाराला जाऊन टेकतो. आणि अरुंद कॉलमात दोन्ही कडा सरळ करू नका. "ग्रामपंचायतीच्या", "अध्यक्षस्थानावरून" असे आपले शब्द लांब, ते ओळीत मावले नाहीत की उरलेल्या शब्दांत खिंडारं पडतात. डावी बाजू सरळ, उजवी मोकळी, चांगलं दिसतं.

आता वर्डचं काय? वर्ड टाकू नका. लोकांनी एवढ्या घाईने वर्ड सोडलेलं मी पाहिलंय की प्रूफही ते स्क्रायबसमध्ये तपासायला बसतात. लिहिणं, दुरुस्त्या, कमिटीतल्या तिघांचे तीन मतभेद, सगळं वर्डमध्येच संपवा. मजकूर कायम झाला, अध्यक्षांनी सही केली की मगच पानं लावायची. आमच्याकडे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे त्या काळी हे आपोआप घडायचं. लावलेल्या पानात एक ओळ वाढवायची म्हणजे जुळाऱ्याला अख्खी गॅली, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांचा ट्रे, उसकटावी लागायची, त्यामुळे लेखक दुरुस्ती सांगताना दहादा विचार करायचा. कॉम्प्युटरने ती भीती घालवली आणि तिच्याबरोबर शिस्तही गेली. तुमच्या चार महिन्यांतला बराच वेळ, मला वाटतं, लिहिणं आणि पान लावणं एकाच वेळी करण्यात गेलाय.

पानं लावायच्या आधी वर्डमधला मजकूर झाडून घ्या. होम टॅबवर उलट्या पी सारखं एक चिन्ह आहे ते दाबा, तुम्ही कुठे कुठे एंटर आणि स्पेस मारलेत ते सगळं उघडं पडेल. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच असतं. शीर्षक मधोमध आणायला मारलेल्या तीस स्पेस, नवीन पान यावं म्हणून मारलेले चौदा एंटर, हे सगळं काढायचं. दोन एंटरचा एक एंटर फाइंड-रिप्लेसने एका फटक्यात होतो. प्रत्येक लेख वेगळ्या फाइलमध्ये साठवा, फोटो एकीकडे, मजकूर एकीकडे. मूळ फोटो हरवले असतील तर वर्डच्या फाइलची एक प्रत करा, तिच्या नावाच्या शेवटचं डॉक्सएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया नावाचं फोल्डर असतं, सगळे फोटो त्यात सापडतात. पण ती शेवटची तजवीज. वर्ड सेव्ह करताना फोटो स्वतःहून हलके करतं, तेव्हा मूळ फोटो मिळाला तर तोच घ्या.

मजकूर स्क्रायबसमध्ये आणल्यावर ठळक, मोठं, मधोमध असं एकेका ओळीला हाताने करू नका. पॅराग्राफ स्टाइल करा: लेखाचं शीर्षक, लेखकाचं नाव, मजकूर, उपशीर्षक, कवितेची ओळ, फोटोओळ. सहा पुरेत. कमिटीतलं कुणीतरी "अक्षर जरा मोठं करा, म्हाताऱ्यांना दिसत नाही" म्हणणार हे ठरलेलं. तेव्हा एका ठिकाणी ११ चे १२ केले की ९६ पानं बदलतात. मग परत फ्रेमचे कोपरे बघायचे, ते विसरू नका.

फोटोंचं गणित सोपं आहे, पण कुणी सांगत नाही. छापायला इंचाला ३०० ठिपके लागतात. फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये बघायची आणि ३०० ने भागायचं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो समजा १६०० पिक्सेल रुंद असेल, तर तो सव्वापाच इंचांपर्यंत चांगला. ८०० चा असेल तर अडीच इंच. त्याहून मोठा ताणलात तर स्क्रीनवर सुरेख दिसेल आणि कागदावर धुक्यातून पाहिल्यासारखा येईल. म्हणून लोकांना सांगा, व्हॉट्सॲपवर पाठवायचाच तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच्या तसा येतो. जुने कृष्णधवल फोटो मात्र मागवूच नका, हातात घ्या. गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा घराघरातल्या ट्रंका उघडतात, वाचनालयाच्या उद्घाटनाचा फोटो तुम्हाला तिथेच मिळेल. काचेच्या फ्रेमवरून मोबाइलने काढलेला फोटो घेऊ नका, त्यात काढणाऱ्याचा चेहरा दिसतो. फ्रेममधून सोडवा, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि त्याच संध्याकाळी परत नेऊन द्या. अनंत चतुर्दशीनंतर आलेला फोटो घ्यायचा नाही असं आत्ताच जाहीर करून टाका.

स्क्रायबसमध्ये फोटो टाकल्यावर पहिल्यांदा त्याचा नुसता एक कोपरा दिसेल आणि तुम्ही दचकाल. उजवं क्लिक करून ॲडजस्ट इमेज टू फ्रेम म्हणा, पूर्ण दिसेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वर्ड फोटो पोटात घेतं, स्क्रायबस घेत नाही. ते फक्त फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता लक्षात ठेवतं. तुम्ही फोटोंचं फोल्डर हलवलंत किंवा नाव बदललंत की पान रिकामं. एक फोल्डर करा, त्यात फाइल, फोटो, फॉन्ट सगळं ठेवा आणि त्याला हात लावू नका. दुसरीकडे न्यायचं असेल तेव्हा फाइल मेनूत कलेक्ट फॉर आउटपुट आहे, ते सगळा बाडबिस्तरा गोळा करून देतं. त्याची एक प्रत पुण्याला भाच्याकडे असू द्या. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत चिखलातून कॉम्प्युटर उचलणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हापासून माझ्या कुठल्याच कामाची एकुलती एक प्रत माझ्याच घरात नसते.

पण लगेच स्मरणिकेला हात घालू नका. आधी आठ पानांचा आरतीसंग्रह करा. गणपती तोंडावर आहेत, गावात हवाच असतो. ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्हची चार पानं होतात, दोन कागदांत आठ. आरत्या पाठ आहेत, त्यामुळे मजकुराची काळजी नाही, लक्ष पानाकडे राहील. शीर्षक, ध्रुपद, कडवं या तीन स्टाइल. फ्रेम जोडणं, पान क्रमांक मास्टर पेजवर (त्यावर ठेवलेलं सगळ्या पानांवर उमटतं) टाकणं, एखादं चित्र, शेवटी पीडीएफ. झेरॉक्सवाल्याकडे पन्नास प्रती काढा, मध्ये पिन मारा, वाटा. ज्याला ध्रुपद सापडणार नाही तो आरती चालू असतानाच तुम्हाला सांगेल.

मग स्मरणिका. सुरुवातीलाच प्रेसला आकार विचारा, डेमी १/८, क्राउन १/४ की ए-फोर. तुम्ही वर्डने दिलेला ए-फोर धरून चालला असाल तर नंतर सगळं पुन्हा मांडावं लागेल. बांधणी पिनची की गमची तेही विचारा. पिनची असेल तर पानं चारच्या पटीतच लागतात, १०३ पानांचं पुस्तक पिन करता येत नाही. गमची असेल तर आतला समास थोडा मोठा ठेवा, नाहीतर ओळीची सुरुवात बांधणीत जाते. ९६ पानांची एकच फाइल करू नका, स्क्रायबस जड होतं आणि मधेच लाइट गेली तर जीव वरखाली होतो. सोळा पानांचा एक फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) धरा, एका फर्म्याची एक फाइल, अशा सहा. पान क्रमांक १७ पासून, ३३ पासून सुरू करायची सोय डॉक्युमेंट सेटअपमध्ये सेक्शन्सखाली आहे.

जाहिराती सगळ्यात शेवटी येतात आणि सगळ्यात जास्त छळतात. व्हिजिटिंग कार्डाचा तिरका फोटो पाठवून "अर्ध्या पानाची करा" असं सांगणारे तुम्हाला भेटतीलच. त्यांच्यासाठी पूर्ण, अर्धं, पाव अशा मापाच्या रिकाम्या फ्रेम आधीच करून ठेवा. मजकूर कागदावर लिहून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या. मोबाइल नंबरातला एक आकडा चुकला तर तो प्रूफमध्ये तुमच्या लक्षात येणार नाही, त्यांच्या येईल, पण छापून झाल्यावर.

पीडीएफ करताना फॉन्ट आत घातलेत ना, ते पाहा. पानाच्या कडेपर्यंत जाणारा फोटो किंवा रंगीत पट्टा असेल तर तो कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर जाऊ द्या. कापताना पातं केसभर इकडे-तिकडे होतं आणि पांढरी रेघ राहते. आणि अक्षरांचा काळा रंग निव्वळ काळाच ठेवा. दुसरीकडून आलेला काळा कधी कधी चार शाईंनी मिळून बनलेला असतो, छपाईत त्या चारांपैकी एक जरी जरा सरकली तरी बारीक अक्षरांना सावली पडते. आतली पानं एकरंगी असतील तर फोटोही आधीच ग्रेस्केल, म्हणजे कृष्णधवल, करून टाका.

छपाई जमेल तितकी दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे कागद हवा पितो, कडा लाटेसारख्या होतात, मशीनवाला वैतागतो आणि बांधलेलं पुस्तक तोंड उघडून बसतं. डिसेंबरचा कार्यक्रम आहे, नोव्हेंबर हातात आहे.

आणि त्याच्या आधी, आज संध्याकाळीच, एक काम करा. झेरॉक्सचे चार कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानांचं चोपडं तयार होईल. पेन्सिलीने १ ते १६ क्रमांक टाका आणि प्रत्येक पानावर काय येणार ते लिहा: अध्यक्षांचं मनोगत, उद्घाटनाचा फोटो, अर्धं पान जाहिरात. मग ते चोपडं सुटं करून कागद सपाट पसरा. बाहेरच्या कागदावर १६ च्या शेजारी १ आलेला दिसेल. प्रेसवाले पानं कशी लावतात ते तुम्हाला तिथे कळेल, मला आणखी दोन परिच्छेद लिहावे लागणार नाहीत.